पहिलं नको

रविवार, १५ फेब्रुवारी २००४

वरद,

चिरंजीव लिहायचा हक्क मला अजून आहे की नाही, ते तू ठरव. सध्या नुसतं वरद.

फोन तू उचलत नाहीस. ईमेल करायची मला मनाई आहे. कौन्सिलची सोशल वर्कर लिंडा परवा गोड हसून म्हणाली, "पुरु, चौकशी संपेपर्यंत तक्रारदाराशी बोलला नाहीस तर बरं." तक्रारदार म्हणजे तू. ज्याच्या सायकलमागे मी पार्कभर पळालो, तो. म्हणून हे पत्र, आणि तेही मराठीत. वहिनींनी दर शनिवारी तुझ्याकडून बाराखडी गिरवून घेतली ती अशी कामाला येईल, असं त्यांना तेव्हा वाटलं नसेल.

तुझी तक्रार वाचली. इंग्रजी झकास आहे. 'माझ्या काकांचं केअर होम कौन्सिलच्या पेशंटवर चालतं, त्यामुळे कौन्सिलला जे ऐकायचं होतं तेच त्यांनी ऐकवलं.' तीस वर्षं या देशात आहे, पण एका वाक्यात माझं एवढं वाटोळं कुणाला जमलं नव्हतं.

आता माझी बाजू ऐक. जानेवारीपासून नवा कायदा लागू झालाय. म्हातारं माणूस बरं झालं, पण घरी मदतीची सोय नाही म्हणून वॉर्डातच पडून राहिलं, तर कौन्सिलने हॉस्पिटलला रोजचे शंभरावर पौंड द्यायचे. हॉस्पिटल नोटीस पाठवतं, दोन-तीन दिवसांत सोय करा म्हणतं, आणि ठरल्या दिवशी सकाळी अकराचा ठोका पडला की मीटर चालू. कायद्यात त्याला दंड म्हणत नाहीत, भरपाई म्हणतात. लिंडाच्या चेहऱ्यावर मात्र मी दंडच वाचला. कायदा मुळात वाईट नाही. माझ्या हॉस्पिटलातल्या पोर्टरकीच्या दिवसांत मी अशी माणसं स्ट्रेचरवरून ढकलली आहेत, जी वॉर्डात शिशिरात आली आणि घरी जाईपर्यंत गुलाब फुललेले होते. पण या कायद्याच्या हातात घड्याळ आहे, आणि घड्याळाला कान नसतात.

तू ऑफिसच्या कामाला बंगलोरला होतास. बर्फावरून पाय घसरून वहिनींचं मनगट मोडलं, छातीत कफ झाला, त्या दहा दिवस ॲडमिट होत्या. बुधवारी, २८ जानेवारीला लिंडाचा फोन आला. मराठी दुभाषी शुक्रवारशिवाय मिळत नाही, आणि गुरुवारी अकरा वाजता मीटर सुरू होतोय, तू येशील का? मी गेलो. तिने वहिनींना विचारलं, घरी मदतीला माणूस पाठवू का? वहिनी नको म्हणाल्या. जे ऐकलं ते मी इंग्रजीत सांगितलं. गुरुवारी सकाळी सव्वादहाला त्या घरी पोचल्या. मी संध्याकाळी फोन केला, त्यांनी उचलला नाही. मला वाटलं, झोपल्या असतील.

पुढचं तुला माहीत आहे. शुक्रवारी सकाळी शेजारच्या बाईने दाराच्या पत्रांच्या फटीतून हाक मारली, तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवरून उत्तर आलं.

आता खुब्याचं ऑपरेशन होऊन त्या त्याच हॉस्पिटलात आहेत आणि नवी नोटीस येऊ घातली आहे. कौन्सिलचं म्हणणं, बाईंनी मदत एकदा नाकारली, परत नाकारतील, घरी धोका आहे. तेव्हा आधी सहा आठवडे केअर होम आणि मग कायमचंच. होमच्या खर्चासाठी घरावर विक्रीची पाटी. नावं पाच-सहा होम्सची आहेत, त्यात माझं एक. मी म्हणतो, माझ्याकडेच येऊ देत. खोली नंबर चार, बागेकडची. वरण मी स्वतः फोडणीला घालीन.

तक्रार मागे घे. तक्रारींच्या पॅनेलसमोर घरातली भांडणं नेऊन तुझ्या आईला काय मिळणार आहे?

पुरुषोत्तमकाका


गुरुवार, २६ फेब्रुवारी २००४

वरद,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी, पण आल्या. लिफाफ्यावरचा ब्रॅकनेलचा शिक्का पाहून तुझी शैलाकाकू दारातूनच ओरडली, "आलं हो!" मी जेवण अर्धवट टाकून उठलो.

'तक्रार मागे नाही. आईला स्वतःचा घर पाहिजे. तुमची रूम नंबर चार तुम्हालाच. त्या दिवशी आई काय म्हणाली ते एकेक वर्ड लिहा. तुम्ही काय म्हणालात ते पण.'

लिहितो.

वॉर्डात खिडकीकडून दुसरी खाट. दुपारचे पावणेचार. वहिनी उशीला टेकून बसलेल्या, उजव्या हाताला प्लास्टर. ताप नुकताच उतरला होता. तुला ठाऊक आहे, तब्येत बिघडली की त्यांचं इंग्रजी सगळ्यात आधी पळतं, आणि डाव्या कानाने तसंही कमीच ऐकू येतं. लिंडा उजव्या बाजूला बसली, मांडीवर फॉर्म. मी पायथ्याशी उभा.

लिंडाने विचारलं, "सकाळी अर्धा तास कुणी आलं तर चालेल का? अंघोळ, कपडे, नाश्ता?"

मी मराठीत सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "नको हो. कशाला उगाच कुणाला त्रास?"

मी लिंडाला म्हणालो, "शी सेज नो, थँक यू."

लिंडाने फॉर्मवर खूण केली. त्यानंतर औषधांचं बोलणं झालं आणि आम्ही निघालो. झालं एवढंच. यात एक शब्द माझ्या पदरचा नाही.

आता तुझ्या कामाची गोष्ट. तुझं पॅनेल २४ मार्चला आहे. तोवर लिंडाची माणसं वहिनींना हलवत नाहीत, एवढं तुझ्या तक्रारीने साधलं, कबूल. पण सोमवारी लिंडा माझ्या ऑफिसात आली. बिस्किटं घेऊन आली, म्हणजे काम वाकडं असणार हे मी डब्याच्या आवाजावरूनच ओळखलं. टाइप केलेला एक कागद पुढे ठेवला. 'पेशंटला तिच्या मातृभाषेत सेवा देऊ केली. तिने ती स्पष्टपणे नाकारली. दुभाषी कुटुंबातील असून त्याच्या मते पेशंटच्या मनात शंका नव्हती.' खाली माझं नाव आणि सहीची जागा.

मी म्हणालो, "स्पष्टपणे हा शब्द कुणाचा?"

"ऑफिसचा. तसाच लिहितात, पुरु."

"आणि शंका नव्हती, हे?"

"तुझं. तूच सांगितलंस ना?" मग बिस्किटाचा डबा माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "कौन्सिलने घेतलेल्या तुझ्या दोन खोल्यांचा करार एप्रिलमध्ये परत बघायचाय. वरचे लोक मला विचारतील, हा माणूस भरवशाचा आहे का."

धमकी म्हणावी तर तिच्या आवाजात धमकी नव्हती. दमलेली होती बिचारी. तिच्या टेबलावर अशी चाळीस माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या उशाशी अकराचं घड्याळ. मी तिला आठ मार्चपर्यंत कळवतो म्हणालो.

शैला बाहेर टॉवेलच्या घड्या घालत होती. लिंडा गेल्यावर आत आली आणि म्हणाली, "होममधल्या अठरा माणसांपैकी कोण खाटेवरून उतरलं ते तुम्हाला जिन्यातून ऐकू येतं. वहिनींचं मात्र बाई सोयीपुरतंच ऐकू आलं."

मी तिच्यावर चिडलो. ते लिहायला नको होतं, पण लिहिलं.

काका


रविवार, ७ मार्च २००४

वरद,

गेल्या पत्रात एक शब्द माझ्या पदरचा नाही असं मी लिहिलं होतं. एक शब्द होता. तो सांगण्याआधी एक जुनी गोष्ट ऐक. तुला ती अर्धी माहीत आहे, मंडळाच्या गणपतीत मी दरवर्षी हसण्यासाठी सांगतो. उरलेली अर्धी मी कधी सांगत नाही.

१९७४ साली दादाने मला बोलावून घेतलं आणि हॉस्पिटलात पोर्टरची नोकरी लावून दिली. पहिल्या दिवशी दहा वाजता वॉर्डाच्या सिस्टरने विचारलं, "चहा?" मी म्हणालो, "नो, थँक यू." आणि तिथेच उभा राहिलो. ती परत विचारेल म्हणून. तिने किटली उचलली आणि पुढच्या माणसाकडे गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोरून दोनदा स्ट्रेचर नेलं, घसा खाकरला, तरी नाही. घरी आलो तो डोकं धरूनच. वहिनींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. त्या इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. इथपर्यंत तुला माहीत आहे.

हसू ओसरल्यावर त्यांनी माझ्या ताटात पोळी वाढली आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही माणसं वाईट नाहीत. एकदा विचारतात आणि माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवतात. बाहेर पहिल्यांदाच हो म्हणायचं. घरात मात्र खुशाल नको म्हणा, मी तीनदा विचारीन."

आणि विचारलं. मी स्वतःचं घर करेपर्यंत नऊ वर्षं, रोज रात्री. तिसरं नको खरं, अशी आमची बोली ठरली होती. वीस वर्षांचा मुलगा परक्या घरी किती भुकेला असतो, ते त्यांना तिसऱ्या विचारण्यात कळायचं.

आता तो बुधवार. लिंडाने विचारलं, मी विचारलं, त्या म्हणाल्या, "नको हो." आणि डाव्या हाताने चादरीचं टोक दुमडायला लागल्या. बोलताना त्या लिंडाकडे पाहत होत्या. बोलून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. त्यांचं पहिलं नको मी हजारदा ऐकलंय, वरद. ते पटकन येतं, जरा वरच्या सुरात, आणि पुढे 'हो' किंवा 'बाई' लागतं. तिसरं सावकाश येतं आणि एकटंच येतं. साऱ्या इंग्लंडात हा फरक ऐकू येणारा एकच माणूस त्या खोलीत होता.

लिंडाने विचारलं, "शुअर?"

तिने ते मला विचारलं, वहिनींना नाही. मी म्हणालो, "शुअर."

तो माझा शब्द. मराठीत मी तो प्रश्न नेलाच नाही. चार वाजत आले होते. लिंडाचं पेन तयार होतं. माझ्या दोन खोल्या नव्या रंगाचा वास मारत रिकाम्या होत्या, या कायद्याचं कळल्यावर मी सगळ्यांच्या आधी तयार करून ठेवलेल्या. कौन्सिलला झटपट माणूस ठेवायला जागा लागणार हे मी हेरलं होतं. मला तिच्या नजरेत कामाचा माणूस ठरायचं होतं. दोनदा अजून विचारलं असतं तर वहिनी हो म्हणाल्या असत्या, मग मदतनीस शोधायची, अकरा वाजून गेले असते, लिंडाची पंचाईत. वहिनींचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. त्या माझ्या मनातच नव्हत्या, हे त्याहून वाईट.

आणि दुसरी गोष्ट. मी संध्याकाळी फोन केला नव्हता. गुरुवारी संध्याकाळी मी कौन्सिलच्या ऑफिसात त्या दोन खोल्यांच्या करारावर सही करत होतो. फोन खिशात होता. साडेसहाला वहिनी पातेलं उचलायला गेल्या आणि पडल्या, तेव्हा मी लिंडाच्या साहेबाला माझा चहाचा किस्सा सांगून हसवत होतो.

काल दुपारी मी हॉस्पिटलात गेलो. खुर्ची त्यांच्या उजव्या कानाशी ओढली.

"वहिनी, घरी गेल्यावर सकाळी कुणी मदतीला आलं तर?"

"नको हो भाऊजी. होतं माझं."

"काय काय होतं?"

"सगळं. हळूहळू होतं."

"अंघोळीला तरी कुणी असू दे?"

त्यांनी चादरीचं टोक दुमडलं, उलगडलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "एका हाताने निऱ्या होत नाहीत. आणि चहाचं पातेलं पेलत नाही. बाई येणार असेल तर बघा. पुरुष नको." हे शेवटचं नको मात्र पक्कं होतं.

मी म्हणालो, "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

त्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू मीच आजारी आहे. "सांगणारच होते. तुम्ही परत विचाराल म्हणून थांबले."

मी त्यांची उशी नीट करायला लागलो. तेव्हा त्याच म्हणाल्या, "घाईत होतात का?"

"हो."

"मग असू दे. जेवून आलात ना?"

मी नको म्हणालो. त्यांनी उशाशी ठेवलेलं संत्रं तीनदा विचारून मला खायला लावलं.

लिंडाच्या कागदावर सही केलेली नाही. माझा वेगळा जबाब इंग्रजीत लिहिलाय, वर लिहिलं ते सगळं त्यात आहे, किस्सा सोडून. उद्या नेऊन देतो. एक प्रत या पत्रासोबत. तुझ्या वकिलाला दाखव. मी स्वतःला वाचवतोय असं कुठे दिसलं, तर तेवढं खोड.

पुरुषोत्तम


गुरुवार, २५ मार्च २००४

वरद,

तू काल समोरच होतास, तरी लिहितोय. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला सगळं दिसतंच असं नाही.

तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मी तुझे हात पाहत होतो. दादासारखेच, बोलायच्या आधी अंगठ्याने पेनाचं टोपण काढणारे.

ते चेअरमन निवृत्त हेडमास्तर असणार, मी पैज लावतो. चष्म्यावरून बघत विचारलं, "म्हणजे तुमच्या समाजात नाही याचा अर्थ हो, असं तुमचं म्हणणं?"

मी म्हणालो, "नाही सर. आमच्यात एकदा नको म्हणजे बोलणं अजून संपलेलं नाही. वहिनींनी बोलणं चालू ठेवलं होतं. बंद मी केलं."

"तुम्हाला हे त्याच वेळी कळलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

खोलीत लिंडा होती. तिचा साहेब होता. आठ मार्चपासून तो साहेब माझे फोन घेत नव्हता. मी म्हणालो, "ऑफिसर घाईत होत्या आणि मला त्यांच्या मर्जीत राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला कौन्सिलशी करार करायचा होता." टाइप करणारी मुलगी थांबली. चेअरमननी तिला खूण केली, लिहा. लिंडाने मान खाली घातली. तिचा राग येईना मला. तिने एकदा तरी 'शुअर' विचारलं होतं.

निकाल तू ऐकलासच. फाइलवरची 'सेवा नाकारली' ही नोंद रद्द. वहिनींना परत विचारायचं, बाहेरून आलेल्या दुभाष्यामार्फत, दोन वेगवेगळ्या दिवशी, आणि मी खोलीत नसताना. मदत स्वीकारली तर त्यांना त्यांच्याच घरी पाठवायचं, सकाळ-संध्याकाळ बाईमाणूस देऊन. आज पहिल्यांदा विचारून झालं. शैला बाहेरच्या बाकावर होती. वहिनी काय म्हणाल्या ते दारातून ऐकलं म्हणते. पहिल्याच फटक्यात हो. मागून म्हणे, "भाऊजींना सांग, मी बाहेरच्यासारखं उत्तर दिलं."

खोल्यांचा करार नव्याने होणार नाही, असं पत्र आज आलं. व्यवस्थित पत्र आहे, कारण दिलेलं नाही. नंबर चारच्या खिडकीतून बाग छान दिसते. कुणीतरी येईल, ज्याला खरंच यायचं असेल असं.

आता खरी गोष्ट. निकालानंतर मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो. तू बाहेर आलास, चहाच्या मशीनपाशी थांबलास, खिशातून नाणी काढलीस. दोन महिन्यांत पहिल्यांदा तू मला काका म्हणालास. "काका, चहा?"

आणि मी म्हणालो, "नको."

बाहेर पहिल्यांदाच हो म्हणायचं, हे मला तीस वर्षांपूर्वी शिकवलंय. सिस्टरला, बँकेच्या मॅनेजरला, लिंडाला, सगळ्यांना मी पहिल्या झटक्यात हो म्हणत आलो. पण तुझा आवाज ऐकल्यावर तो कॉरिडॉर बाहेरचा राहिला नाही. तोंडातून घरचं उत्तर गेलं.

तू थांबला होतास. मी ऐकत होतो, तुझ्या मुठीतली नाणी एकदा वाजली. मग तू एकच कप काढलास आणि गेलास. तुझं काही चुकलं नाही. तू इथला आहेस, माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवलास. माझ्या शब्दावर या घडीला कुणी विश्वास ठेवावा, हेच मोठं.

वहिनी सहा एप्रिलला, मंगळवारी, घरी येताहेत. त्यानंतरच्या रविवारी चार वाजता मी तिथेच येणार आहे, तू असशीलच. तू नको म्हणालास तर आणखी दोनदा विचारीन, आणि तिसरं नको मानीन.

दार उघडलंस तर चहा घेईन. दुधाचा, साखर एक. एकदाच विचारलंस तरी चालेल.

तुझा काका
पुरुषोत्तम